कॅसिनोतले जुने रॉक बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे, तिथे मुलांकडे जाणारे आणि तरुणपणी कॅसेटवर ऐकलेला बँड आता प्रत्यक्ष ऐकू पाहणारे लोक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. तिकीट काढण्याआधी वाचलेलं बरं.

एकेकाळी स्टेडियम भरवणारा बँड आता कॅसिनोत का वाजवतो? उतरती कळा म्हणायची का?

कॅसिनो पूर्ण सुपारी देतो, म्हणून. तिकीटविक्रीवर चालणारा प्रयोग वेगळा आणि सुपारीचा प्रयोग वेगळा, हे मराठी नाटकवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. सुपारी ठरली की हॉल भरो वा न भरो, ठरलेली रक्कम मिळते. कॅसिनोचा करार बहुतेक वेळा असाच असतो. बँड येतो, वाजवतो आणि चेक घेऊन जातो. तिकिटं किती खपली ही काळजी कॅसिनोची.

१०,००० आसनांच्या हॉलमध्ये ३,००० लोक आले तर भाडं, सुरक्षारक्षक, विमा, ट्रक यांतलं जवळजवळ काहीच कमी होत नाही. अर्धा हॉल काळ्या पडद्याने झाकला तरी रिकामेपण लपत नाही. तेच ३,००० लोक दीड हजारांच्या हॉलमध्ये दोन रात्री विभागले तर दोन्ही रात्री ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लागतो.

दुसरं कारण अमेरिकेच्या कायद्यात आहे. तिथल्या साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं. रेकॉर्डवर वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे बँडची गाणी ज्याने लिहिली तो घरी बसून कमावतो, आणि ड्रमरला मात्र सत्तरीतही विमान पकडावं लागतं. कोण अजून दौऱ्यावर आहे आणि कोण नाही, याचं उत्तर पुष्कळदा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, गाण्याखालच्या कंसातल्या नावांत सापडतं.

आणि ‘कॅसिनो’ म्हणजे नेहमी कमीपणाची जागा असंही नाही. कार्लोस सांताना २०१२पासून लास वेगासच्या मँडले बे कॅसिनोतल्या ‘हाउस ऑफ ब्लूज’मध्ये वर्षातून अनेकदा मुक्काम ठोकून वाजवतात. ईगल्सने २०२४मध्ये व्हेनिशियन कॅसिनोला जोडलेल्या ‘स्फीअर’मध्ये मुक्काम सुरू केला. याला कोणी उतरती कळा म्हणत नाही.

हे कॅसिनो शहरापासून इतके लांब, रानावनात का असतात?

त्यांतले बरेच मूलनिवासी जमातींच्या राखीव जमिनीवर आहेत. १९८७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या कॅबेझॉन जमातीच्या बाजूने निकाल दिला. पाठोपाठ १९८८मध्ये जमातींच्या जुगाराविषयीचा केंद्रीय कायदा आला. कनेटिकटमधलं फॉक्सवुड्स १९९२मध्ये कॅसिनो झालं आणि शेजारचं मोहेगन सन १९९६मध्ये उघडलं. मोहेगन सनचा मोठा हॉल सुमारे १०,००० आसनांचा आहे. फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीने तर २००७मध्ये हार्ड रॉक ही अख्खी कंपनीच विकत घेतली. ॲटलांटिक सिटीतला जुना ताजमहाल कॅसिनो २०१८मध्ये हार्ड रॉक झाला तो याच मालकीतून.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ॲटलांटिक सिटी जवळ पडतं. पण तिथले कॅसिनो जमातींच्या राखीव जमिनीवर नाहीत, मालक कोणीही असो, ते राज्याच्या परवान्यावर चालतात. तिथे जुगाराला १९७६च्या जनमत कौलाने मान्यता मिळाली.

तिकिटातून सुपारीही निघत नसेल तर कॅसिनोला काय मिळतं?

लोक मिळतात, तेही नेमक्या वयाचे: पन्नाशी-साठीचे, मुलं मार्गी लागलेले, खिशात थोडे पैसे आणि शनिवारी रिकामा वेळ असलेले. आठचा कार्यक्रम साडेनऊला संपतो आणि बाहेर पडायची वाट जुगाराच्या मशीनच्या रांगांमधून जाते. ही वाट चुकून तशी झालेली नाही.

मग जुगार खेळणाऱ्यांना कॅसिनो देतो तो फुकट पास घ्यावा की नाही?

कार्यक्रम ऐकण्यासाठी म्हणून खेळणार असाल तर घेऊ नका, तिकीट काढा. पास कसा ठरतो ते बघा. खेळाडूच्या कार्डावर तुमचा ‘अपेक्षित तोटा’ मोजला जातो: सरासरी पैज गुणिले तासाला डाव गुणिले तास गुणिले कॅसिनोचा टक्का. २५ डॉलरची पैज, तासाला ६० डाव, ४ तास आणि २ टक्के धरले तर १२० डॉलर होतात. मशीनवर दर फिरकीला १ डॉलर, तासाला ५०० फिरक्या, ४ तास आणि १० टक्के धरले तर २०० डॉलर. यातला काही हिस्सा पास, जेवण, खोली या रूपात परत मिळतो. तो ३० टक्के धरला तर पहिल्याला ३६ डॉलरची आणि दुसऱ्याला ६० डॉलरची ‘भेट’ मिळाली. म्हणजे मशीनवाल्याला ६० डॉलरचं तिकीट २०० डॉलरला पडलं. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात एखाद्या रात्री तुम्ही जिंकालही.

पासवाल्यांमुळे आणखी एक गोष्ट होते. पुढच्या काही रांगांत बँडशी फारसं देणंघेणं नसलेले बडे खेळाडू बसतात आणि तिसऱ्या गाण्याला उठून जातात. स्टेजवरून बँडला नेमक्या त्याच रिकाम्या खुर्च्या दिसतात. सुरुवातीला वातावरण थंड वाटलं तर दोष बँडचाच असेल असं नाही.

जाहिरातीत बँडचं नाव आहे, पण स्टेजवर मूळ संच असेल का?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नाटकाच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ हे दोन शब्द असतात किंवा नसतात. रॉकमध्ये तेवढी सोय नाही. बँडचं नाव हा ट्रेडमार्क असतो आणि तो ज्याच्याकडे आहे तो कुणालाही घेऊन वाजवू शकतो.

फॉरेनरचे संस्थापक मिक जोन्स यांना पार्किन्सन्स असल्याचं २०२४मध्ये जाहीर झालं. त्याआधीही कित्येक रात्री स्टेजवर मूळ संचातलं कोणीच नसायचं, आणि कायद्याने त्यात काही गैर नाही. बीच बॉइज हे नाव लावून फिरण्याचा परवाना माइक लव्ह यांच्याकडे आहे. तो बँडच्याच ब्रदर रेकॉर्ड्स या कंपनीने दिलेला आहे. ग्रँड फंक रेलरोडची मूळ गाणी गाणारे मार्क फार्नर स्वतःच्या नावाने वेगळे फिरतात आणि मूळ नाव ड्रमरकडच्या संचाकडे आहे. आरईओ स्पीडवॅगनमध्ये केव्हिन क्रोनिन आणि ब्रूस हॉल यांचं पटेना, तेव्हा २०२४मध्ये नावच थांबवलं गेलं. आता क्रोनिन तीच गाणी स्वतःच्या नावाच्या बँडने गातात. म्हणजे कधी नाव खरं आणि माणसं नवी, तर कधी माणूस खरा आणि नाव नवं.

सर्वांत चमत्कारिक भांडण कॅनडाच्या ‘द गेस हू’चं. नाव जुन्या बेसिस्ट-ड्रमरच्या बाजूला गेलं होतं. गायक बर्टन कमिंग्ज आणि गिटारवादक रँडी बॅकमन यांनी २०२३मध्ये दावा लावला. पुढे कमिंग्जनी आपल्या गाण्यांचे सार्वजनिक सादरीकरणाचे परवानेच काढून घेतले. नाव आहे पण त्या नावाची गाणी वाजवता येत नाहीत, अशी कोंडी झाली आणि कार्यक्रम रद्द होऊ लागले. २०२४मध्ये तडजोड होऊन नाव या दोघांकडे परत आलं.

अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत याबाबत ‘ट्रुथ इन म्युझिक’ नावाचे कायदे आहेत. ढोबळ नियम असा: ज्या संचाने रेकॉर्ड केलं त्यातला निदान एक जण हवा, किंवा नावाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क हवा, नाहीतर जाहिरातीत ‘ट्रिब्यूट’ असं स्पष्ट हवं. यातला ‘किंवा’ नीट वाचा. ट्रेडमार्क हातात असला की एकही जुना माणूस नसून चालतं.

तपासायचं कसं? बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सध्याच्या सदस्यांची नावं बघा. मग याच दौऱ्यातल्या मागच्या आठवड्यातल्या कार्यक्रमाचं चित्रण यूट्यूबवर शोधा, वर्षभरापूर्वीचं नको. जाहिरातीत ‘फीचरिंग’, ‘फॉर्मर्ली ऑफ’ किंवा ‘द म्युझिक ऑफ’ असेल तर थांबून विचार करा.

मात्र नवा माणूस म्हणजे दुय्यम असंच नाही. जर्नीच्या नील शॉन यांना २००७मध्ये यूट्यूबवर मनिलाचा आर्नेल पिनेडा सापडला. जुन्या रेकॉर्डमधल्या उंच जागा तो आजवर पेलत आला आहे.

गाणी ओळखीची वाटतात, पण काहीतरी वेगळं लागतं. काय केलेलं असतं?

पट्टी उतरवलेली असते. मूळ गाणं पांढरी तीनमध्ये असेल तर आता ते काळी दोनमध्ये, किंवा आणखी खाली पांढरी दोनमध्ये असतं. वयानुसार स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो आणि वरचं आवरण कडक होतं. बोलण्याचा आवाज शाबूत राहतो, पण तारसप्तकातल्या जागा पहिल्यांदा जातात. विश्रांतीही जास्त लागते. म्हणून हे बँड सलग तीन रात्री गाणं टाळतात. वेगासमध्ये कोरड्या हवेने घसा धरतो, त्यासाठी गायक खोलीत वाफेचं यंत्र लावून झोपतात.

पट्टी उतरवणं कीबोर्डवर एका बटणाचं काम आहे, गिटारवर नाही. रॉकचे बरेच तुकडे मोकळ्या तारांवर बसवलेले असतात, त्यामुळे तारा खरोखर सैल कराव्या लागतात. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. अर्धा स्वर खाली आणला की तो सुमारे ११ टक्के कमी होतो आणि पूर्ण स्वर खाली आणला की सुमारे २१ टक्के. तार लोंबते, पडद्यांवर खरखरते आणि जोरात छेडली की क्षणभर वर चढते. उपाय म्हणजे जाड तारा: १०चा संच (हा आकडा म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजारांशांत) असेल तर अर्ध्या स्वरासाठी साडेदहा, पूर्ण स्वरासाठी ११. मग दांड्याच्या आतला लोखंडी गज नव्या ताणाला जुळवायचा आणि ब्रिजवर, म्हणजे घोडीवर, प्रत्येक तारेची लांबी पुन्हा लावायची. तारा बदलल्या आणि हे केलं नाही, तर बाराव्या पडद्याच्या वर सगळं बेसूर वाजतं. हार्मोनिका दुसरीच आणावी लागते, तिची पट्टी बदलता येत नाही.

मागे टेप वाजते का?

काही बँडमध्ये हो, आणि याचे प्रकार आहेत. कोरसचे थर, व्हायोलिनचा समूह, एखादा घंटानाद असं लॅपटॉपवरून वाजवणं आता सर्रास चालतं. ड्रमरच्या कानात ठेका चालू असतो आणि सगळे त्याला धरून वाजवतात. नीट सांभाळणारे लोक दोन लॅपटॉप एकाच वेळी चालवतात. पहिला बंद पडला की मधलं यंत्र आपोआप दुसऱ्यावर जातं. मुख्य गायकाचाच आवाज ट्रॅकवर असणं ही मात्र वेगळी गोष्ट, ती आम्ही फसवणूक मानतो.

ओळखायचं असेल तर एकच गाणं दोन रात्रींच्या चित्रणांत ऐका. श्वास, अडखळणं, शब्द ताणणं हुबेहूब एकसारखं असेल तर समजा. पट्टी उतरवली पण ट्रॅक जुन्याच पट्टीत राहिला, असा घोटाळाही होतो. मग कोरस आला की हॉलभर चेहरे वाकडे होतात.

वाद्यं त्यांची स्वतःचीच असतात?

गिटार असतात, बाकी बहुतेक भाड्याची. या वयात बस-ट्रकचे लांब दौरे परवडत नाहीत, कारण कार्यक्रम नसलेल्या दिवशीही बस, चालक आणि माणसांचे पैसे चालूच राहतात. म्हणून गुरुवारी विमानाने निघायचं, शुक्रवार-शनिवार वाजवायचं आणि रविवारी घरी. २०१५पासून लागू असलेल्या नियमाने अमेरिकी विमान कंपन्यांना, चढताना जागा शिल्लक असेल तर, गिटार केबिनमध्ये घेऊ द्यावीच लागते. म्हणूनच हे लोक सगळ्यात आधी चढण्यासाठी धडपडतात.

ड्रम, ॲम्प्लिफायर, ऑर्गन स्थानिक दुकानातून येतात. यादी काटेकोर असते: २२ इंची बेस ड्रम, आठ स्पीकरच्या पेटीसह ॲम्पेग एसव्हीटी हा बेस गिटारचा ॲम्प्लिफायर, लेस्लीसह (फिरत्या स्पीकरची पेटी) हॅमंड बी-३ ऑर्गन. हा ऑर्गन चारशे पौंडांच्या घरातला. तो लिफ्टमध्ये मावला नाही किंवा लेस्लीची मोटर अडकली की ऐनवेळी डिजिटल कीबोर्ड येतो. ऑर्गनवर उभी असलेली गाणी त्या रात्री पातळ वाटतात.

एका रात्रीचे पैसे कुठे जातात?

समजा सुपारी ६०,००० डॉलर. एजंटचे १० टक्के, मॅनेजरचे १५, हिशेबनिसाचे ५: गेले १८,०००. अकरा जणांचं विमान आणि सामान ५,५००. पाच तंत्रज्ञ, दिवसाला ६०० प्रमाणे दोन दिवस: ६,०००. भाड्याची वाद्यं ३,५००. तीन पगारी वादक, प्रत्येकी १,५००: ४,५००. राहिले २२,५००. नावाचे मालक तिघं असतील तर प्रत्येकी ७,५००, त्यावर कर. खोल्या आणि जेवण कॅसिनो देतो, नाहीतर हे गणित बसत नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत, विभागणी मात्र साधारण अशीच असते.

कार्यक्रम किती वेळ चालतो?

७५ ते ९० मिनिटं, चौदा-सोळा गाणी. करारातच लिहिलेलं असतं. कॅसिनोला लोक मशीनकडे परत हवे असतात आणि गायकाला घसा वाचवायचा असतो, त्यामुळे कोणाचीच तक्रार नसते. सर्वांत गाजलेलं गाणं शेवटी येतं. नव्या अल्बमचं आलं तर एखाददुसरं, साधारण मध्यावर, तेव्हा अर्धे लोक बिअर आणायला गेलेले असतात.

त्यापेक्षा लहान थिएटर बरं का?

कान महत्त्वाचे असतील तर बहुतेक वेळा हो. न्यू जर्सीतल्या रेड बँकचं काउंट बेसी किंवा शिकागोजवळच्या सेंट चार्ल्सचं अर्काडा ही दोन्ही १९२६ची थिएटरं आहेत. उतरती जमीन, बाल्कनी, आणि तिकीट काढून मुद्दाम आलेला प्रेक्षक. कॅसिनोचा हॉल कधीकधी मुळात मेजवानीची सपाट खोली असते. समोर उंच माणूस बसला की संपलं. सपाट हॉलमध्ये पंधराव्या रांगेपेक्षा मागच्या चढत्या भागातली पहिली रांग चांगली.

आणखी एक. करारात बहुधा कलम असतं की आसपासच्या अमुक मैलांत अमुक दिवस हा बँड दुसरीकडे वाजवणार नाही. कॅसिनोत जाहीर झाल्यावर तोच बँड लगेच तुमच्या गावच्या थिएटरात येईल, अशी वाट बघू नका.

नेमकं कुठे बसावं? कानांचं काय?

ध्वनियंत्रकाचं टेबल कुठे आहे बघा आणि त्याच्या पुढच्या दहा रांगांत, मधोमध बसा. आवाज तिथे बसूनच जुळवला जातो. पुढच्या रांगेच्या अगदी कडेला बसू नका. तिथे जमिनीवरच्या स्पीकरची धडधड जास्त आणि शब्द कमी.

अमेरिकेतली सुरक्षिततेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. कार्यक्रम नव्वद मिनिटांचा. फोमचे बोळे तीव्र स्वर खातात, त्याऐवजी संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या.

लहान हॉलमध्ये आतषबाजी का नसते?

२० फेब्रुवारी २००३ला ऱ्होड आयलंडमधल्या वेस्ट वॉरिकच्या ‘द स्टेशन’ क्लबमध्ये ग्रेट व्हाइटच्या कार्यक्रमात ठिणग्यांनी भिंतीवरच्या फोमने पेट घेतला. १०० माणसं गेली. बरेच जण आले त्याच दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. आत शिरल्यावर दुसरं दार कुठे आहे ते बघून ठेवा.

मुलांना किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांना नेता येईल का?

मोहेगन सनच्या मोठ्या हॉलमध्ये मुलं येतात. काही कॅसिनोंत २१ वर्षांखालच्यांना हॉलमध्येही प्रवेश नाही. तिकिटाच्या पानावर वयाची अट असते, ती आधी वाचा. आईवडिलांचा मूळ पासपोर्ट सोबत ठेवा. आधार कार्ड किंवा फोनमधला फोटो दाखवून बिअर मिळत नाही. जिना टाळायचा असेल तर तसं आसन तिकीट काढतानाच मागा. दमा असेल तर ध्यानात ठेवा की बऱ्याच कॅसिनोंत खेळाच्या मजल्यावर अजून धूम्रपान चालतं आणि हॉलकडे जायची वाट तिथूनच असते.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला असा बँड बोलावता येईल?

येईल. बँडला नाही, एजंटला लिहा. तारीख, जागा, आसनसंख्या, तिकिटाचे दर आणि रक्कम एका पानावर मांडा. ‘किती घ्याल?’ एवढंच विचारणाऱ्या पत्राला उत्तर येत नाही. होकार आला की निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली कार्यक्रमाआधी. कंबर मोडतो तो सुपारीबाहेरचा खर्च: ४० बाय ३२ फुटांचं स्टेज, ध्वनी-प्रकाश, भाड्याची वाद्यं, दहा लाख डॉलरचा दायित्व विमा. अधिवेशन केंद्रांत वीजजोडणी आणि छताला टांगण्याचं काम त्यांच्याच ठेकेदाराकडून, त्यांच्या दराने करावं लागतं. तो आकडा सही करण्यापूर्वी लेखी मागा.

गोव्याच्या कॅसिनोत असं का होत नाही?

मांडवीतल्या बोटींवर दोन हजारांचा हॉल बसत नाही. मनोरंजन बहुधा प्रवेशशुल्कातच धरलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला नाच आणि हिंदी गाणी हवी असतात. महाराष्ट्रात तर प्रश्नच नाही. १९७६चा कॅसिनो कायदा अंमलात न येताच २०२३मध्ये रद्द झाला.

गायक आजारी पडून कार्यक्रम रद्द झाला तर?

या वयोगटात ही शक्यता धरूनच चाला. स्टीव्हन टायलर यांच्या स्वरयंत्राच्या दुखापतीमुळे एरोस्मिथने २०२४मध्ये दौरे कायमचे थांबवले. ‘रद्द’ म्हटलं तर तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. ‘पुढे ढकलला’ म्हटलं तर तिकीट तसंच चालू राहतं आणि परताव्यासाठी बऱ्याचदा थोडेच दिवस मिळतात, तेव्हा ईमेल रोज बघा. हॉटेलची खोली वेगळी घेतली असेल तर तिचा कार्यक्रमाशी संबंध नसतो. शेवटच्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्या, दहा-वीस डॉलर जास्त गेले तरी.